वकिलाचे मौन आणि अपिलाची मुदत

न्याय विलंबाने मिळतो, ही आपल्याकडील जुनी तक्रार आहे. परंतु न्यायालयीन विलंबाहून निराळा असा आणखी एक विलंब असतो व त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. तो म्हणजे आपल्याच वकिलाच्या मौनामुळे होणारा विलंब.

अर्धापूर तालुका केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. केळीचे घड वाहून ट्रकमध्ये भरणारा एखादा मजूर रस्त्यावरील अपघातात पाय गमावून बसला, असे समजू. नांदेडचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याला भरपाई देते, पण ती वैद्यकीय दाखल्यातील टक्केवारीवर बेतलेली असते. वस्तुतः ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे की, शरीराची हानी किती टक्के हे पाहून भागत नाही. त्या माणसाची कमाईची क्षमता किती घटली, हे ठरवावे लागते. कारकुनाचा पाय जाणे आणि हमालाचा पाय जाणे यांचा आर्थिक अर्थ एक नव्हे.

म्हणजे अपिलास आधार आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे ते ९० दिवसांत करावे लागते. पुढे सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण तो न्यायालयाच्या मर्जीचा भाग. १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ आले आणि मराठवाड्याचा मुंबईचा हेलपाटा वाचला, हे खरे. तरी कुबड्या घेऊन चालणाऱ्या मजुराला तेही अंतर थोडे नाही. तो सारे वकिलावर सोपवितो. वकीलसाहेब दूरध्वनी घेत नाहीत, त्यांचा कारकून ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो आणि मुदत सरते.

अर्थशास्त्र याला विषम माहितीचा प्रश्न म्हणते. केळी सडकी निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकान बदलते. वकिलाची सेवा वाईट होती, हे पक्षकाराला कळते ते अपिलाचा दरवाजा बंद झाल्यावर.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली. वकिलाच्या कामावर पक्षकाराचे प्रत्यक्ष नियंत्रण असते, हे त्यामागील एक कारण. तत्त्व म्हणून ते मान्य करू. पण ज्याचा दूरध्वनीही उचलला जात नाही, त्याचे नियंत्रण ते कसले?

पक्षकाराच्या हाती काहीच नाही, असे मात्र नव्हे. १९८१ च्या ‘रफीक विरुद्ध मुन्शीलाल’ निकालात वकील गैरहजर राहिल्याने फेटाळलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावणीस पाठविले. अर्थात प्रत्येकाला अशी सवलत मिळेलच असे नाही. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे २००० मध्ये ठरले आहे. वकील बदलता येतो. गैरवर्तनाची तक्रार १९६१ च्या अधिवक्ता कायद्यान्वये राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो.

दोष एकट्या वकिलाचा नसतो. एकेका वकिलाकडे शेकडो प्रकरणे असतात. म्हणूनच उपाय सद्भावनेवर सोडता कामा नये. अपघात भरपाईचा निकाल देतानाच अपिलाची अखेरची तारीख व मोफत विधी साहाय्याचा पत्ता मराठीत लिहून जखमी व्यक्तीच्या हाती द्यावा. या एका कागदाला खर्च जवळजवळ नाही.

तोवर गावातील सुशिक्षितांवर एक जबाबदारी येते. प्रकरण दाखल झाले की नाही, पुढची तारीख कोणती, हे ई-कोर्ट्स सेवेवर विनामूल्य पाहता येते. अर्धापूरच्या शिक्षकाला, कारकुनाला, महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हे काम दहा मिनिटांचे आहे. ज्याचा पाय गेला आहे, त्याच्या दृष्टीने त्या दहा मिनिटांवर उरलेल्या आयुष्याची भाकरी अवलंबून असू शकते.