ज्या खांद्यावर भार, त्याच खांद्याला तूप-हळद

पथ्य म्हटले की आपल्याला मीठ कमी, तेल कमी, साखर बंद एवढेच आठवते. घरातल्या माणसांनी एकत्र चार कामे करावीत, एकमेकांच्या कष्टाची जाण ठेवावी आणि ती बोलून दाखवावी, हेही एक पथ्यच आहे. पण ते औषधाच्या चिठ्ठीवर कोणी लिहून देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या करताना शरीर आणि मन यांच्या जोडीला सामाजिक स्वास्थ्यही धरले आहे. आपल्या सुश्रुताने तर त्याच्या कितीतरी शतके आधी प्रसन्न मन हे निरोगी माणसाचे लक्षण मानले. या आठवड्यात आपण आपल्या वर्षभराच्या सणांकडे आणि ऋतूंकडे याच नजरेने पाहू.

खांदेमळणीचा धडा

हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकाला पोळा काय असतो हे सांगायला नको. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. बैलांना धुऊन त्यांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि उद्या जेवायला या, असे आवतण त्यांना देतात. पोळ्याच्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नसते. अंगावर झूल, गळ्यात घागरमाळा, तोंडात पुरणपोळीचा घास. ज्याने त्यांना वर्षभर राखले त्या सालगड्यालाही कापडचोपड आणि मानाचे जेवण.

या साऱ्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती खांद्याची निवड. रंगवलेली शिंगे दिसायला सुरेख. पण भार शिंगांनी वाहिलेला नसतो. जू खांद्यावर बसते, घट्टा तिथेच पडतो, सूज तिथेच येते. म्हणून धन्याचा हात आधी तिथे जातो. मळता मळता कुठे जखम असेल, गाठ असेल तर ती हाताला लागते आणि वेळीच इलाज होतो. म्हणजे या एका रिवाजात तीन गोष्टी आल्या : भार नेमका कुठे पडला ते पाहणे, आपल्या हाताने त्यावर काही करणे आणि ज्याने भार वाहिला त्याला विश्रांती देणे. कृतज्ञता म्हणजे दुसरे काय असते?

आता त्याच दिवशी आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. पहाटे उठून पुरण शिजवणारी, वाटणारी, दोन-तीन तास तव्यापुढे बसणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. सणाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या आया-बहिणींच्या तक्रारी ठरलेल्या असतात : कंबर धरली, पित्त उसळले, डोके ठणकते. कारण विचारावे लागत नाही. जागरण, धूर, वाकून केलेले काम आणि उपाशी पोटी घेतलेला तीन-चार कप चहा. मी गोळी देतो, पण दुखण्याचे मूळ कामाच्या वाटणीत असते, तिथे गोळी पोचत नाही. ज्या सणाला बैलाला विसावा मिळतो आणि घरच्या लक्ष्मीला मिळत नाही, तो सण अर्धाच झाला असे म्हटले पाहिजे.

संशोधन काय सांगते?

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. अमेरिकेत एमन्स आणि मॅकलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटाने रोजच्या कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले, त्यांच्या शारीरिक तक्रारी कमी भरल्या आणि त्यांनी व्यायामही जास्त केला.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ सालापासून एक अभ्यास चालू आहे. शेकडो माणसांच्या आयुष्याचा पिढ्यान् पिढ्या मागोवा घेतल्यावर असे दिसले की, पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी होते. २००२ साली कुटुंबातील रीतिरिवाजांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला गेला. त्यात नित्यक्रम आणि रिवाज यांत फरक केला आहे. रोज वेळेवर जेवणे हा नित्यक्रम. तो काम उरकण्यासाठी असतो. रिवाज मात्र ‘आपण एका घरचे आहोत’ हे सांगतो. दोन्हींचा मुलांच्या आरोग्याशी आणि घरातल्या सलोख्याशी संबंध दिसून आला.

उलट बाजूही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. अर्थात सण साजरा केला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. गोळीच्या जोडीला हे पथ्य, एवढेच माझे म्हणणे.

पावसाळा : पायांची मळणी

आज पुष्कळ घरांत बैल नाहीत, ट्रॅक्टर आला. तरी पोळा सोडू नका. मुलांना काळ्या मातीचे बैल करू द्या आणि खांदेमळणीच्या संध्याकाळी घरातल्या आजी-आजोबांचे पाय मुला-नातवंडांनी तेलाने चोळावेत. त्यांचा भार त्या पायांनी वाहिला आहे.

यात आरोग्याचा मोठा लाभ आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांची संवेदना कमी होते. काटा रुतला, फोड आला तरी त्याला कळत नाही. नातवाच्या डोळ्यांना तो दिसतो. तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. बेचक्यांत तेल लावू नका, तिथे ओल राहून बुरशी धरते. तेल कोमटही नको, साधेच घ्या. बधिर पायाला चटका कळत नाही. जखम, काळसर डाग किंवा सूज दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा, तिथे चोळू नका.

पुरणपोळीविषयीही नेहमी विचारतात. मधुमेह्याने एखादी लहान पोळी खावी, त्या जेवणात भात सोडावा, कटाच्या आमटीचा आणि भाजीचा आधार घ्यावा. गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने कमी-जास्त करू नये.

हिवाळा : हुरडा आणि वाण

थंडीत भूक प्रखर असते, म्हणून आयुर्वेदाने हेमंत-शिशिरात जड आहार सांगितला. आपल्याकडे सोयाबीन आणि हळद वाढली, ज्वारीचा पेरा घटला, तरी कोणाच्या ना कोणाच्या शेतात हुरडा निघतोच. गोवऱ्यांची आगटी पेटवावी, कणसे भाजावीत आणि गरम कणीस हातावर चोळून दाणे शेजारच्यापुढे करावेत. हुरड्याची गंमत इथेच आहे. चोळणारा एक, खाणारा दुसरा. मग पाळी बदलायची. या वेळी पहिला पसा त्या शेतात खुरपलेल्या बायकांच्या आणि सालगड्याच्या हातावर पडू द्या.

लातूर आणि धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. सारे घर शेतात जाते. अनेक भाज्या आणि डाळी-दाण्यांची भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील असा बेत असतो आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावतात. हे आपणही उचलण्यासारखे आहे. काळजी एवढीच घ्यावी : दम्याच्या माणसाला आगटीच्या वाऱ्याच्या दिशेला बसवू नये, लहान मुलांना विस्तवापासून दूर ठेवावे आणि हुरडा चावून, बेताने खावा. अधाशीपणाने खाल्ला तर पोट फुगते.

संक्रांतीच्या भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी असते. तिळातून स्निग्धांश आणि चुना, बाजरीतून लोह मिळते. हिवाळ्याला हा आहार अगदी जुळतो. पण हळदीकुंकवाच्या वेळी एक जण आतल्या खोलीत बसलेली असते, हे विसरू नका. नवरा गेल्यावर जिने एकटीच्या खांद्यावर घर ओढले, तिलाच आपण वाण देत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे कळवले. सणाच्या दिवशी मुद्दाम बाजूला बसवल्याचे दुःख रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ते झोपेत, भुकेत आणि रक्तदाबात दिसते. यंदा पहिले वाण तिच्या हातात द्या.

उन्हाळा : हळद आणि वाळवण

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. पण हळद काढताना, मोडताना, शिजवून वाळत घालताना कंबर कोणाची मोडते? बहुतेक मजूर बायकांचीच. काम संपेल त्या दिवशी त्यांच्याबरोबर एका पंगतीत बसून जेवा आणि आपल्या मुलांना वाढायला लावा. कामाच्या दिवसांतही सावली, पिण्याचे पाणी आणि दुपारची सुट्टी द्या.

कुरडया, पापड, शेवया यांचे वाळवण हे तर गल्लीचे एकत्र काम. ऊन चढण्याआधी, सकाळी दहापर्यंत ते आटोपावे. लाटणे एकीच्याच हातात तासन् तास राहू नये. घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी चीक हाटावा, खाटा गच्चीवर न्याव्यात, राखण करावी. लाटत-लाटत गप्पा मारणाऱ्या म्हातारीला त्या दिवशी वेगळे मनोरंजन लागत नाही.

थोडक्यात नियम

प्रत्येक ऋतूत एक तरी दिवस असा ठेवा की, घरातल्या प्रत्येकाला काही काम असेल, अगदी पाच वर्षांच्या मुलालाही. ज्या माणसावर वर्षभर जास्त भार पडला, त्याचे नाव घेऊन, काय केले ते सांगून आभार माना. ‘सगळ्यांचे आभार’ म्हटल्याने कोणाचाच खांदा मळला जात नाही. त्या दिवशी त्या माणसाचे काम दुसऱ्याने करावे. आणि खर्च वाढवू नका. कर्ज काढून केलेला सण पुढे घरातली झोप उडवतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. घरातले कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-जेवण तुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर सणाची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून दिवस-रात्र चालू आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

घरोघरी कोणाचा तरी खांदा न बोलता दुखत असतो. तो कोणाचा, हे आज रात्री जेवताना एकदा सगळ्यांकडे पाहून ठरवा. आणि उद्याचे त्याचे एक काम आपल्या हाती घ्या.