विद्येचें मोल केव्हां द्यावें?

बारावीचा निकाल लागला कीं, आपल्या पाचोऱ्यांत अनेक घरीं एकच विवंचना सुरू होते : मुलाला पुढें शिकवावें, तर फीचे पैसे आणावे कोठून? कपाशी घरांत येण्यास दिवाळी उजाडते; कॉलेजांतील प्रवेश मात्र पावसाळ्यांतच घ्यावा लागतो. म्हणून विद्येचें मोल कोणीं व केव्हां द्यावें, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या वादाचा नव्हे. तो आपल्या ओसरीवरचा आहे.

हें मोल देण्याच्या रीती मुख्यतः तीन. सर्व खर्च सरकारनें करावा, ही पहिली. विद्यार्थ्यानें आरंभींच फी भरावी, ही दुसरी. आणि आरंभीं कांहीं न घेतां, पदवीधर कमावूं लागल्यावर त्याच्या उत्पन्नाचा कांहीं अंश कररूपानें घ्यावा, ही तिसरी. हिलाच पदवीधर कर म्हणतात.

पहिली रीत उदार दिसते. परंतु सरकारचा पैसा येतो कोठून? महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत हेंच विचारलें होतें. महसूल रयतेच्या घामाचा, आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, ही विषमता त्यांनीं दाखवून दिली. ज्याचीं मुलें कॉलेजाची पायरीही चढत नाहींत, त्यानें इतरांच्या पदवीचा सर्व भार कां वाहावा?

आतां फी व कर यांतील भेद पाहूं. फी ही खंडानें घेतलेल्या शेतासारखी आहे : पाऊस पडो वा न पडो, ठरलेली रक्कम द्यावीच लागते. कर हा बटाईसारखा आहे : पीक आलें तर वांटा, न आलें तर मागणें नाहीं. कर्जाच्या धाकानें जो बाप मुलीला घरीं बसवील, तोही या रीतीनें तिला निर्भयपणें पाठवूं शकेल.

ऑस्ट्रेलियांत १९८९ पासून याच्या जवळपासची पद्धत आहे. तेथें शिक्षणाची रक्कम ठरलेली असते. ती सरकार उसनी देतें, आणि उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच प्राप्तिकराबरोबर वसूल करितें. रक्कम फिटली कीं वसुली थांबते. शुद्ध पदवीधर करांत मात्र फार कमावणारा आपल्या शिक्षणाच्या खर्चाहूनही अधिक देतो, आणि त्यांतून थोडें कमावणाऱ्याचा भार उचलला जातो.

आक्षेपही लहान नाहींत. परदेशीं गेलेल्या पदवीधराकडून कर घ्यावा कसा? शिवाय आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, आणि लहान दुकानदाराची खरी कमाई वहींत दिसतेच असें नाहीं. तेव्हां भार मुख्यतः पगारदारावर पडेल. आणि वसुली सुरू होईपर्यंत अनेक वर्षें सरकारला पदरचा खर्च करावा लागेल.

आणखी एक उदाहरण मननीय आहे. १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस गेले. परतल्यावर दहा वर्षें संस्थानची सेवा करण्याची अट होती. १९१७ सालीं ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्यतेमुळें त्यांना राहण्यास जागाही मिळेना, व थोड्याच काळांत त्यांना शहर सोडावें लागलें. मोल मागाहून घेणें न्याय्य खरें. परंतु शिकलेल्याला कमावूंच न देणाऱ्या समाजानें त्याच्याकडे परतफेड मागणें न्याय्य कसें ठरेल?

तात्पर्य, ज्याला फळ मिळालें त्यानें, मिळाल्यावर, आणि मिळालें तितक्या मानानें द्यावें, हें तत्त्व फीहून अधिक न्याय्य वाटतें. मात्र कमी उत्पन्नास पूर्ण सूट असावी, आणि प्राथमिक शाळेचा पैसा कॉलेजाकडे वळूं नये.

विद्यार्थिमित्रहो, असा कायदा होवो वा न होवो, आपल्या शिक्षणांत कोणा अनोळखी शेतकऱ्याचा व मजुराचा वांटा आहे, हें विसरूं नका. कमावते झाल्यावर गांवांतील एका गरजू मुलाची फी भरण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.