पेढीतले बी आणि मडक्यातले बी

आपल्या गडहिंग्लजच्या शेजारी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले. वाण मात्र बी जपले तरच राहतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाण्यांचे चार लाखांहून अधिक नमुने आहेत. बी वाळवून, हवाबंद पाकिटात, उणे १८ अंशांवर ठेवतात. असे बी कित्येक दशके उगवण्याजोगे राहते. पण तिथे ते झोपलेले असते. बदललेला पाऊस, नवी कीड त्याला कळत नाही. ते शिकते शेतातच. म्हणून गावातही बीजबँक हवी.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. ‘बायफ’च्या साथीने त्यांनी गावठी वाणांची बीजबँक उभारली. मातीची मडकी, राख, कडुलिंबाचा पाला, एवढ्यावर बी टिकते. नेलेले बी हंगामानंतर दुप्पट परत करायचे. (मला पटलेले हे एकमेव व्याज!) २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या वाड्यांवर यंदा नाचणीपासून सुरुवात करू. भरलेली, निरोगी कणसे मळणीआधीच, उभ्या पिकातून निवडून ठेवा. खळ्यावर एकदा सगळे मिसळले की कोणते बी कुठल्या ताटाचे, हे सांगता येत नाही.