किरकोळ विपत्तींचे चित्रकार

लोकांना न रुचणारा विवाह एखाद्याने केला, तर रात्री त्याच्या दाराशी भांडी बडवून गोंगाट करण्याची चाल फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत होती. तिला 'शारिवारी' म्हणत. आपल्याकडील शिमग्याच्या बोंबेशी तिचे नाते सहज जुळावे. हेच नाव घेऊन शार्ल फिलिपों याने १ डिसेंबर १८३२ रोजी पॅरिसमध्ये एक दैनिक सुरू केले. रोज एक नवे चित्र, हे त्याचे वैशिष्ट्य होते.

फिलिपोंला खटल्यांची सवय होती. १८३१ मध्ये, आपल्या आधीच्या साप्ताहिकातील चित्राबद्दल न्यायालयात उभा असता, राजा लुई-फिलिप याचा चेहरा पायरीपायरीने नासपतीच्या फळात कसा रूपांतरित होतो हे त्याने काढून दाखविले. बोलीभाषेत त्या फळाच्या नावाचा अर्थ 'भोळसट' असाही होतो! पुढे निकालपत्र छापणे भाग पडले, तेव्हा त्याने त्याच्या ओळी नासपतीच्याच आकारात जुळविल्या. त्याचा सहकारी ओनोरे दोमिये याने राजाला प्रजेचे धन गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात रंगविले, आणि त्यापायी त्याला सहा महिन्यांची कैद झाली.

२८ जुलै १८३५ रोजी राजावर प्राणघातक हल्ला झाला. सप्टेंबरमध्ये नवे कायदे आले. मजकूर छापण्यास पूर्वपरवानगी लागत नसे. चित्राला मात्र ती लागू लागली. लिहिलेला शब्द हे मत, पण चित्र ही प्रत्यक्ष कृती, असा युक्तिवाद त्यामागे होता. चित्राच्या शक्तीची याहून मोठी पावती क्वचितच कोणा शासनाने दिली असेल.

राजा वर्ज्य झाला, तेव्हा चित्रकार भाडेकऱ्याकडे वळले. दोमियेच्या १८३९ मधील एका चित्रात भाड्याच्या सार्वजनिक घोडागाडीत एक प्रवासी दारुडा आणि खाटीक यांच्यामध्ये चिणला गेला आहे. चित्रात याहून अधिक काही घडत नाही. परंतु गर्दीच्या वेळी बसमध्ये बसलेल्या कोणालाही ते पुरेसे आहे. पॅरिसमध्ये घरभाडे दर तीन महिन्यांनी चुकवावे लागे. त्या दिवसांचे ताण, घरमालकांची अरेरावी, वकिलांचे फुगलेले झगे आणि त्यांच्यामागे उभी असलेली गोंधळलेली पक्षकार मंडळी हे त्याचे नित्याचे विषय झाले. बालपणी न्यायालयीन बेलिफाकडे पोऱ्या म्हणून काम केले असल्यामुळे वकिलांचा अभिनय त्याने जवळून पाहिला होता. लेखन करणाऱ्या स्त्रियांवरील त्याची १८४४ ची मालिका मात्र आज वाचकाला खटकते. तेथे त्याची दृष्टी घरमालकाइतकीच संकुचित आहे.

या चित्रांना सरसकट कोरीव चित्रे म्हणण्याची रूढी आहे. ती काटेकोर नाही. दोमिये तेलकट खडूने थेट चुनखडीच्या दगडावर काढीत असे. तेलकट रेषेला शाई धरते आणि पाण्याने भिजविलेला कोरा भाग ती नाकारतो. कोरणाऱ्या कारागिराची गरज नसल्याने दररोज नवे चित्र देणे शक्य झाले. दोमियेची अशी सुमारे ४,००० चित्रे उपलब्ध आहेत. ग्रांव्हीलची चित्रे मात्र खरोखरच लाकडी ठशांवर कोरली गेली. १८४३ मध्ये निघालेल्या 'मानवी जीवनातील किरकोळ विपत्ती' या अर्थाच्या त्याच्या ग्रंथाचा मजकूर एमिल फोर्ग याने टोपणनावाने लिहिला, आणि त्याची कल्पना जेम्स बेरेस्फर्ड याच्या १८०६ मधील इंग्रजी पुस्तकावरून सुचली होती.

१८४१ मध्ये निघालेल्या 'पंच' या नियतकालिकाने स्वतःला 'लंडनचे शारिवारी' म्हणवून घेतले. तेथून ते वळण मुंबईत 'पारसी पंच'पर्यंत आणि ठाण्यात 'हिंदू पंच'पर्यंत पोहोचले. पुढे मुंबईच्या इंग्रजी दैनिकात आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट व धोतर घातलेला सामान्य माणूस खड्डे, रांगा आणि मंत्र्यांची भाषणे निमूटपणे पाहू लागला. तो कधीच बोलत नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. त्याच वर्षी दिल्लीचे 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक बंद झाले.