हाताला न कळणारे वजन

हाताने ओढायच्या चेनब्लॉकवर ओझे उचलणाऱ्या फिटरला एक गोष्ट कोणी न सांगता कळते: आजचा जॉब नेहमीपेक्षा जड आहे. साखळी ओढायला जोर जास्त लागतो, दुसऱ्याला हाताशी बोलवावे लागते, आणि तिथेच शंका येते की या ब्लॉकच्या क्षमतेबाहेर तर आपण जात नाही ना. इलेक्ट्रिक हॉइस्टवर ही खूण नाहीशी होते. हिरवे बटण पाचशे किलोसाठी जितके दाबावे लागते तितकेच दोन टनांसाठी. शिवाय हॉइस्टची मोटर सुरू होतानाचा भार सोसेल अशी निवडलेली असते, त्यामुळे तिचा कमाल जोर नेमून दिलेल्या जोराच्या दुपटीच्याही वर जाऊ शकतो. ओव्हरलोड रोखणारी सोय नसेल, तर दोन टनांची पाटी लावलेला हॉइस्ट तीन टनही मुकाट्याने उचलू पाहील. कंबर आणि खांदे वाचवणारे हे यंत्र मला हवेच आहे. पण ते बसवताना हाताला आपोआप मिळणारी माहिती आपण गमावतो आणि ती दुसऱ्या वाटेने भरून काढावी लागते, हे भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपपासून कोल्हापूरच्या फाउंड्रीपर्यंत सगळीकडे ध्यानात घ्यायला हवे.

पहिली माहिती वजनाची, आणि डोळा इथे हमखास फसतो. 600 मिलिमीटर लांब, 500 रुंद आणि 400 उंच असा पोलादी डाय लहान टीपॉयएवढा दिसतो. पोलादाचे वजन घनमीटरला सुमारे 7,850 किलो, म्हणून हा ठोकळा भरतो जवळजवळ 942 किलो. एक टनाच्या हॉइस्टला तो चालेल, हे खरे. पण डाय हुकाला थेट लागत नाही. मध्ये स्लिंग, शॅकल आणि आय बोल्ट असतात, आणि त्यांच्यावर येणारा ताण पाटीवर लिहिलेला नसतो. दोन पायांची स्लिंग सरळ उभी असेल तर प्रत्येक पायावर 471 किलो येतात. पाय जमिनीच्या रेषेशी 60 अंशांचा कोन करत असतील तर 544, 45 अंशांत 666, आणि 30 अंशांवर आले की प्रत्येक पायावर डायचे पूर्ण 942 किलो. स्लिंग आखूड आहे म्हणून पाय फाकवून अडकवली, एवढ्यानेच तिच्यावरचा भार दुप्पट झाला. आय बोल्टची गोष्ट याहून वाईट आहे. तो सरळ वर ओढला जाण्यासाठी बनवलेला असतो. तिरक्या ओढीत त्याच्या क्षमतेचा मोठा भाग निघून जातो आणि आटे पूर्ण बसलेले नसतील तर बोल्ट वाकतो किंवा तुटतो. हॉइस्ट निर्दोष असतानाही डाय खाली येऊ शकतो, तो असा.

यावर जुन्याजाणत्या कारागिरांचा एक आक्षेप असतो: हॉइस्टची चाचणी क्षमतेच्या सव्वापट वजनावर घेतात, मग थोडे जास्त उचलले तर काय बिघडले? आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. चाचणी जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, सावकाश आणि मोजक्या वेळा होते. रोजच्या कामात धक्का बसतो, ओझे झोके खाते, वायर रोपच्या तारा एकेक करून थकतात. सव्वापटीतला तो पाव हिस्सा या अज्ञातासाठी राखलेला आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या 29 व्या कलमात चाचणीचा अपवाद सोडता सुरक्षित भारमर्यादा ओलांडायला मनाई केली होती, आणि तो नियम साखळी, दोर व टॅकललाही लागू केला होता. वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी, हेही त्याच कलमात होते. मात्र उरलेल्या दिवसांत फाकलेला हूक, तुटकी लॅच किंवा तारा सुटलेला रोप फक्त शिफ्टवरच्या माणसालाच दिसू शकतो.

दुसरा आक्षेप यंत्रावरच्या भरवशाचा: ब्रेक आहे, लिमिट स्विच आहे, मग धोका कसला? ब्रेकची रचना खरोखर उत्तम आहे. वीज असेपर्यंत चुंबक ब्रेक सोडवून धरतो. वीज गेली की स्प्रिंग तो लावते, त्यामुळे भारनियमनात ओझे खाली कोसळत नाही. लिमिट स्विचची मर्यादा मात्र कमी लोकांना ठाऊक असते. हूक सर्वांत वर पोचला की तो सहसा ‘वर’ नेणारा सर्किट तोडतो. पॅनेलचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे काम झाल्यावर तीन फेजपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते आणि ‘खाली’ बटणाने हूक वर जाऊ लागतो. बटणे उलटी झाली एवढेच समजून कोणी काम चालू ठेवले, तर हूक वर पोचल्यावर स्विच भलताच सर्किट तोडतो. हूकब्लॉक ड्रमवर आदळून रोप तुटतो. म्हणून वायरिंगचे कोणतेही काम झाल्यावर रिकाम्या हुकावर दिशा तपासायची आणि चुकीची आढळली तर फेज सुधारेपर्यंत हॉइस्ट बंद ठेवायचा. खांबाआडचा जॉब तिरका ओढून आणायला हॉइस्ट वापरणे हाही असाच प्रकार: रोप ड्रमच्या खाचेतून निसटतो, आणि जॉब जमिनीवरून सुटताच झोका घेऊन समोरच्या माणसावर येतो.

लहान कारखान्याच्या मालकाची अडचण मला खोटी वाटत नाही. ऑर्डरची घाई, माणसे कमी, आणि प्रत्येक डायपाशी हिशेब करत कोण बसणार? पण हिशेब रोज करावा लागत नाही. डाय बनतानाच वजन काढून त्याच्या अंगावर ठळक रंगवले की ते कायमचे झाले. स्लिंगवर क्षमतेचा टॅग ठेवायचा, टॅग गेलेली स्लिंग बाजूला काढायची. जॉब आधी जेमतेम दहा सेंटिमीटर उचलून थांबवायचा: तोल बरोबर आहे का, ब्रेक धरतो का, स्लिंग सरकते का, हे तिथेच कळते, आणि चुकले असेल तर दहा सेंटिमीटरांवरून परत टेकवता येते. या थांबण्याला अर्धे मिनिट लागते. तेवढ्या वेळात हेल्परने डायखालून हात आणि पाय बाहेर काढलेले असले पाहिजेत, आणि बटणांचा पेंडंट धरणाऱ्याने ते पाहिल्याशिवाय बटणाला पुन्हा बोट लावू नये.