यंत्राचे आयुष्य ठरते सुट्या भागांवर

कारखान्यात चालणाऱ्या शिलाई यंत्राचे बिडाचे धड कित्येक दशके टिकते. झिजतात ते त्याच्या पोटातले लहान भाग: हुक, बॉबिन केस, कापड पुढे सरकवणारे दाते, सुईदांडी आणि ही दांडी ज्यांतून वरखाली होते ते बुश. हे भाग मिळाले तर यंत्र पुन्हा पहिल्यासारखे शिवू लागते; मिळाले नाहीत तर धडधाकट यंत्र भंगारात जाते. सोलापुरात गणवेश शिवणारे किंवा धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणारे कितीतरी लोक अशा एखाद-दोन यंत्रांवर घर चालवतात. यंत्र घेताना मात्र वेग, मोटर आणि किंमत एवढेच पाहिले जाते, सुट्या भागांचा विचार यंत्र बंद पडल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. यंत्र किती वर्षे साथ देईल हे त्याच्या धातूपेक्षा त्याचे भाग किती जणांना बनवता येतात यावर ठरते. म्हणूनच भागांची मापे, क्रमांक आणि ते बनवण्याची विद्या जितकी सर्वांच्या हाती राहील, तितके शिवणाऱ्याचे पोट सुरक्षित राहील.

भाग का झिजतात, हे आधी पाहू. एका सुईचे साधे कारखानी यंत्र मिनिटाला पाच हजारांपर्यंत टाके घालते. प्रत्येक टाक्याला हुक दोनदा फिरतो, म्हणजे पूर्ण वेगात त्याचे मिनिटाला दहा हजार फेरे होतात. सुई तळाशी जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर आली की तिच्या मागे दोऱ्याचा फास तयार होतो. त्याच क्षणी हुकाचे टोक सुईच्या डोळ्याच्या किंचित वरून जाते, तो फास पकडते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते. या वेळी सुई आणि हुकाचे टोक यांच्यात ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच अंतर असावे लागते. ते वाढले की टाका सुटतो. नाहीसे झाले की सुई हुकावर घासते आणि टोक बोथट होते. तेल कमी पडले तर हुक तापतो. बुश सैल झाला की सुईदांडी डगमगते आणि मग नवा हुक घालूनही टाका नीट बसत नाही. त्यामुळे झिजलेला भाग ओळखणे हे दुरुस्तीचे पहिले काम आहे आणि अनेकदा तेच सर्वांत अवघड काम असते.

भाग शोधण्याचेही एक शास्त्र आहे. कारखान्यातल्या साध्या यंत्राची सुई डीबी×१ जातीची असते. तिचा दांडा गोल असतो आणि त्याचा व्यास १.६२ मिलिमीटर असतो. जाड कामासाठी वापरल्या जाणाऱ्या डीपी×५ सुईचा दांडा २ मिलिमीटरचा असतो, तर घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. पाकिटावरच्या ९०/१४ यांसारख्या जोडअंकातला पहिला आकडा सुईची जाडी सांगतो. ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर आणि १४ हा त्याच जाडीचा सिंगरच्या मोजणीतला क्रमांक. स्क्रूंची गोष्ट आणखी वेगळी आहे. शिलाई यंत्रांच्या अनेक स्क्रूंचे आटे त्यांच्या खास मापांचे असतात, उदाहरणार्थ व्यास ९/६४ इंच आणि इंचाला ४० आटे. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरच्या मापाचा स्क्रू तिथे जवळपास बसल्यासारखा वाटतो. पण जोर लावून पिळला की धडातलेच आटे जातात आणि काही रुपयांच्या स्क्रूपायी मोठे काम निघते. दाते, नीडल प्लेट आणि फूट हे भागही एकमेकांच्या मापाने घ्यावे लागतात. म्हणून जाणता मेकॅनिक यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहतो, भागावर कोरलेला क्रमांक वाचतो, तो कंपनीच्या पार्ट्स लिस्टमध्ये शोधतो आणि जुना भाग बरोबर घेऊनच दुकानात जातो. ही यादी ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी बाजारात असलेला भागही नसल्यासारखाच.

क्रमांक पाहून भागांची अशी अदलाबदल करणे आपोआप शक्य झाले नाही. आयझॅक सिंगरला अमेरिकेत पेटंट मिळाले १८५१ मध्ये, पण त्याच्या कारखान्यात पुढे कितीतरी वर्षे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवले जात. अशा यंत्राचा भाग दुसऱ्या यंत्रात जशाच्या तसा बसेल याची खात्री नसे. विलकॉक्स अँड गिब्ज या कंपनीने वेगळी वाट धरली. तिने १८५८ पासून प्रॉव्हिडन्स शहरातल्या ब्राउन अँड शार्प या कारखान्याकडून यंत्रे बनवून घेतली. बंदुकांच्या कारखान्यांतली गेज वापरून एकसारखे भाग काढण्याची पद्धत त्यांनी शिलाई यंत्राला लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने हेच तत्त्व साऱ्या उद्योगाला लागू केले. सिंगरच्या १५ क्रमांकाच्या घरगुती यंत्राचा आराखडा समान नमुना म्हणून ठरला आणि त्याच्या भागांची मापे सगळ्यांसाठी एक झाली. मग कुणी फक्त बॉबिन केस केली, कुणी फक्त धड ओतले, कुणी जोडणी केली. काही वर्षांतच जपानी यंत्रे अमेरिकेच्या बाजारात उतरली. आपल्याकडे लुधियाना हे यंत्रे आणि त्यांचे भाग बनवणारे मोठे केंद्र झाले ते अशाच समान नमुन्यांच्या आधारावर. आज जुकीच्या डीडीएल-८७०० या यंत्राच्या धर्तीवर अनेक कंपन्या यंत्रे काढतात आणि त्यांचे बरेचसे भाग एकमेकांना चालतात. त्यामुळेच लहान गावातल्या दुकानातही त्याचा हुक किंवा बॉबिन केस सहज मिळते.

बाजारात भाग नसेल तर तो बनवावा लागतो आणि इथे तारतम्य लागते. फोल्डर, गाइड, विशेष कामाचे फूट, पुली, लहान कंस हे भाग स्थानिक कारागीर पत्रा वाकवून किंवा लेथवर उत्तम करतो. बुशसाठी फॉस्फर ब्राँझची सळई, मायक्रोमीटर आणि रीमर चालवणारा सरावाचा हात पुरतो. दाते करताना मात्र नुसता आकार जमून भागत नाही. पोलाद योग्य निवडून त्याला पाणी द्यावे लागते, नाहीतर थोड्याच दिवसांत ते गुळगुळीत होतात. त्रिमितीय छपाईने नमुने, गाइड, झाकणे करता येतात, पण दहा हजार फेऱ्यांच्या हुकासाठी छापलेले प्लास्टिक कामाचे नाही. हुकाला कठीण पोलाद, अचूक ग्राइंडिंग आणि आरशासारखे पॉलिश लागते. तो जपानच्या हिरोसे किंवा इटलीच्या चेर्लियानीसारख्या, हुकासाठीच ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यांचा घ्यावा, यातच शहाणपण आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की भाग कुणीही बनवू लागला तर बाजारात निकृष्ट माल येतो. तसा तो येतो, हे खरे. मऊ पोलादाचा हुक काही आठवड्यांत दोरा तोडू लागतो आणि वाया गेलेले कापड स्वस्त हुकातल्या बचतीपेक्षा महाग पडते. पण कंपनीच्या डब्यातला आणि डब्याबाहेरचा अशी विभागणी केल्याने हा प्रश्न सुटत नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपन्याही कितीतरी भाग बाहेरून करून घेतात. भागाची प्रत ठरते ती धातू, पाणी देणे आणि मापाची अचूकता यांवर. दुसऱ्याच्या नावाचा खोटा शिक्का मारून भाग विकणे ही फसवणूक आहे आणि तिला शिक्षा व्हायलाच हवी. स्वतःच्या नावाने, प्रमाणित मापाचा भाग बनवणे हा मात्र प्रामाणिक धंदा आहे. त्यामुळे शोध लावणाऱ्यावर अन्याय होतो, असेही म्हणता येत नाही. भारतात पेटंटची मुदत २० वर्षांची असते. तेवढा काळ शोधाचे फळ शोधकाचे आणि नंतर ते सर्वांचे, असा करार कायद्यानेच केला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनी यंत्रे वीज खातात, नवी यंत्रे दोरा आपोआप कापतात, मग जुने जपायचे कशाला? जुनी क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते; सर्वो मोटर पायाचा दाब पडला तरच फिरते, म्हणून वीज खरोखर वाचते. पण टेबलाखाली बसणारी सर्वो मोटर जुन्या यंत्रालाही लावता येते, त्यासाठी धड टाकावे लागत नाही. शेकडो यंत्रे आणि पगारी मेकॅनिक असलेल्या कारखान्याने स्वयंचलित यंत्रे घ्यावीत, त्याचा हिशेब तिथे बसतो. एका यंत्रावर पोट असणाऱ्याचा हिशेब निराळा आहे. नव्या यंत्रातला नियंत्रण बोर्ड जळाला आणि कंपनीने ते मॉडेल बंद केले असेल, तर हुक, दाते, सुईदांडी ठणठणीत असूनही यंत्र बंद पडून राहते. लेथवर बोर्ड कातता येत नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊच नये असा याचा अर्थ नव्हे. बोर्ड किती वर्षे मिळेल आणि त्याच्या जागी दुसरा बसतो का, हे खरेदीआधी लेखी घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कायद्याने इथे लहान माणसाच्या बाजूने एक दार उघडे ठेवले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारासाठी खरेदी करणाऱ्याला ग्राहक मानत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला मानतो. म्हणजे स्वतःच्या यंत्रावर शिवणारी बाई किंवा शिंपी ग्राहकच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेतीची यंत्रे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने असे चार गट धरले. कारखानी शिलाई यंत्राला त्यांत स्वतंत्र स्थान नाही, ते मिळाले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या मदतीबरोबर पार्ट्स लिस्ट आणि सुट्या भागांची हमी का नसावी? आयटीआयमध्ये शिवण शिकवतात आणि टर्नरचे कामही शिकवतात. या दोन वर्गांची गाठ घालून दिली तर प्रत्येक तालुक्यात शिलाई यंत्राचा भाग मोजणारा आणि बनवणारा हात तयार होईल.

सरकार हे करेपर्यंत खरेदीदाराने थांबण्याचे कारण नाही. यंत्र घेण्याआधी पार्ट्स लिस्ट मागावी, हुक, बॉबिन केस आणि दाते गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या दुकानात मिळतात का ते पाहावे आणि बोर्डाची हमी लेखी घ्यावी. ज्या यंत्राचे भाग मिळणार नाहीत, ते कितीही स्वस्त असले तरी महाग समजावे आणि घेऊ नये.