साखरेचा डाग आणि इस्त्रीवाल्याचा दोष

होळी जवळ आली की ब्रह्मपुरीच्या बाजारात साखरेच्या गाठ्यांच्या माळा टांगलेल्या दिसू लागतात. होळीला लहान मुलांच्या गळ्यात गाठी घालण्याची विदर्भातील रीत अजून टिकून आहे. पुढे पाडव्याला तीच गाठी गुढीवर चढते. साखरेचा घट्ट पाक लाकडी साच्यात ओतून, मध्ये दोरा ठेवून ती तयार होते. घामेजल्या गळ्याला टेकली की ती विरघळू लागते आणि संध्याकाळपर्यंत सदऱ्याची कॉलर चिकट होऊन जाते. खिशात विसरलेल्या चॉकलेटची गतही निराळी नसते. उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत ज्या गावाचे नाव वारंवार येते, तेथे खिशातील चॉकलेट आपल्या आकारात राहील ही अपेक्षाच व्यर्थ.

असा कपडा वाळल्यावर बहुधा काहीच दिसत नाही, आणि खरा घोटाळा येथेच होतो. पाक वाळला की रंगहीन राहतो. सुती कपड्यावर फिरणारी इस्त्री सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. साखर त्याच्या आतच करपू लागते. मग पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी पट्टा उमटतो आणि घरातून एकच निवाडा होतो : इस्त्रीवाल्याने कपडा जाळला. त्याची मजुरी कापली जाते, प्रसंगी वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक तुटते. कापडाच्या दुकानातही असा कपडा कधी ‘माल खराब’ म्हणून परत येतो. नुकसान होते ते ज्याचा काही अपराध नाही त्याचे. व्यवहारात वावरणाऱ्या घरांनी तरी दोष कोणाच्या नावे मांडायचा हे आधी तपासून घ्यावे.

ड्रायक्लीनिंगच्या बाबतीत हाच गैरसमज अधिक महागात पडतो. भारी कपडा ड्रायक्लीनिंगला दिला म्हणजे डाग जाणारच, अशी अनेकांची समजूत असते. परंतु तेथे पाणी नव्हे, तर सेंद्रिय द्रावक वापरतात. तेलातुपाचा डाग त्यात सुटतो. साखर सुटत नाही. सरबत, पाक, आइस्क्रीम यांतील साखर धाग्यातच राहते आणि इस्त्रीच्या वेळी पिवळी पडते. म्हणून लग्नातील शालू किंवा शेरवानी देताना ‘येथे सरबत सांडले होते’ एवढे एक वाक्य आवर्जून सांगावे, जागा खडूने दाखवावी. धुणाऱ्यापासून डाग लपविण्यात लाज राखली जात नाही, कपडा मात्र जातो.

घरच्या सुती कपड्यांचा उपाय सोपा आहे. कपड्याला चिकटलेली गोळी ओढून काढू नये, धागे तुटतात. तो भाग कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. साखर आपणहून सुटते, साबण नंतर. दूध किंवा मलई असलेल्या टॉफीला व चॉकलेटला मात्र आधी गार पाणीच हवे, कारण गरम पाण्याने दुधातील प्रथिने घट्ट बसतात. वरचा थर चमच्याच्या पाठीने खरवडावा, गार पाण्याने धुवावे, मग साबणाने स्निग्धता काढावी. च्युइंगमला पाणी लागूच पडत नाही. पिशवीत घातलेला बर्फ त्यावर धरावा. ते कडक झाले की निघते, उरलेल्या चिकटपणाला खोबरेल तेल आणि तेलाला साबण. डाग खरोखर गेला याची खात्री होईपर्यंत इस्त्री लावू नये.

रेशमाचे शास्त्र निराळे. रेशीम स्वतःच प्रथिन असल्याने ब्लीचिंगच्या द्रावणात ते अक्षरशः विरघळते, आणि प्रथिने फोडणारी एन्झाइम घातलेली धुण्याची पावडरही त्याला सोसत नाही. त्याला रिठ्याचे पाणी चांगले. प्राणिज चरबीचा साबण घरात न आणणाऱ्या कुटुंबांना रिठा नवा नाहीच. जरीचे वस्त्र मात्र घरी भिजवण्याच्या फंदात पडू नये.

ऊन हा या गावाचा शाप मानला जातो, पण हळदीच्या डागाला तेच औषध आहे. हळद लागलेला कपडा साबणात टाकताच लाल होतो आणि गृहिणी घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. साबणातील क्षारामुळे हळदीचा रंग तात्पुरता पालटतो. तो तसाच धुऊन, ओला असतानाच कडक उन्हात घालावा. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. दोन-तीन दुपारींत तो फिका होत जातो.

या भागातील जंगलात मिळणाऱ्या बिब्याला मात्र ना साबण चालतो, ना ऊन. त्याच्या रसाने अंगाला फोड येतात आणि चुन्याच्या संयोगाने कापडावर काळा, कायमचा डाग पडतो. या अवगुणाचाच उपयोग करून परीट पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यावर कोपऱ्यात बिब्याची खूण घालीत, म्हणजे शंभर धुण्यांनंतरही कपडा आपल्याच घरी परत येई.